चाळीस मिनिटांची बॅटरी

चौतीस वर्षं मी वीज कंपनीत काढली. निवृत्त झालो तेव्हा भांडार विभागाचा अधीक्षक होतो, आणि अर्ध्या म्हैसूरचे ट्रान्सफॉर्मर माझ्या सहीने खांबावर चढले होते. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या सहीला कोणी विचारलं नाही, आणि वीतभर लांबीच्या एका बॅटरीने मला आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

आमच्या कबिनी लेआउटला पस्तीस वर्षं झाली म्हणून कर्नाटक राज्योत्सवाला, म्हणजे एक नोव्हेंबरला, स्मरणिका काढायचं ठरलं. संपादक म्हणून माझी निवड एकमताने झाली. खरं तर मी पंखा कमी करा म्हणायला हात वर केला होता आणि सेक्रेटरी गंगाधरप्पांनी तो मोजून घेतला. पण अंगावर पडलेलं काम मी झटकत नाही. सगळी स्मरणिका मी स्वतः, माझ्या लॅपटॉपवर टाइप करीन, एक ओळसुद्धा बाहेर जाणार नाही, असं मी त्याच सभेत उभं राहून सांगितलं. असं काही सांगा म्हणून कोणी मला गळ घातली नव्हती.

पहिला लेख तिम्मप्पय्या मेष्टरांचा असणार होता. मेष्टर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, लेआउटमध्ये पहिलं घर बांधणारे. वय अठ्ठ्याऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. त्यांच्या मुलीला, सुमित्राला, डॉक्टरांनी या वर्षी दोनदा बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. पुढच्या स्मरणिकेपर्यंत ते असणार नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

"मला एकच लिहायचंय," ते म्हणाले. "माझ्या गेटसमोरच्या सोनचाफ्याचं. मी सांगतो, तू टाइप कर." लेआउटमधल्या सगळ्यांना ते वर्गातल्यासारखं अरे-तुरे करतात. एकदा आलेल्या महापालिकेच्या कमिशनरनाही केलं होतं.

तो सोनचाफा सगळ्यांचाच आहे. श्रावणात त्याच्याखालून जाणारी बाई केसात फूल न माळता पुढे जात नाही. बुंध्याशी पत्र्याची पाटी आहे, 'वृक्षारोपण: श्री. तिम्मप्पय्या, मुख्याध्यापक'. लेख पंचवीस ऑक्टोबरच्या आत छापखान्यात जायला हवा होता. दसरा होऊन गेला होता आणि माझ्या हातात तीन आठवडे होते.

आता लॅपटॉपबद्दल. तो मी निवृत्त झालो त्या महिन्यात घेतला, त्याला अकरा वर्षं झाली. दर वर्षी दसऱ्यातल्या आयुधपूजेला त्याची पूजा होते. आमच्याकडे मिक्सरपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांचीच होते. बाकीचे लोक लॅपटॉपच्या पडद्यावर कुंकू ओढतात आणि मग वर्षभर तांबड्या ठिपक्याआडून अक्षरं शोधत बसतात. मी तसलं काही करत नाही. मी लॅपटॉप उपडा करतो, बॅटरी काढतो आणि तिच्या खोबणीत, जिथून वीज आत शिरते नेमक्या त्या जागी, हळद-कुंकू आणि अक्षता वाहतो, वर लिंबाचे दोन थेंब पिळतो. शक्तीची पूजा शक्तीच्या जागी व्हावी. वीज खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढं कळायलाच हवं. गंगाधरप्पांना हे मी तीनदा समजावून सांगितलं आहे.

यंदाही पूजा यथासांग झाली. चार दिवसांनी मेष्टरांकडे टाइप करायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की वायर काढली की लॅपटॉप तिथल्या तिथे मान टाकतो. म्हणजे बॅटरी गेली. वायर लावलेली असताना चालतो ना, मग झालं, असं मी स्वतःला समजावलं. पण आमच्याच कंपनीने जमिनीखालून केबल टाकायला सगळा लेआउट उकरून ठेवला होता. मेष्टरांना बोलायला बळ असतं ते दुपारी तीन ते पाच, आणि कंत्राटदाराच्या मशीनलाही जोर चढतो तो तीन ते पाच. या दोन तासांत लाइट किती वेळा जाईल हे कोणालाच सांगता येत नसे.

"तुमची कंपनी," पद्मा म्हणाली. पद्मा माझी बायको. मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण तिच्या लेखी ती कंपनी अजून माझीच आहे.

मेष्टर आरामखुर्चीत ताठ बसले आणि सांगू लागले. "त्या मंगल प्रभाती मी स्वहस्ते खड्डा खणून रोप लावलं. घाल स्वल्पविराम." पाऊण पान झालं. रोप वाढलं, कमिशनर आले, त्यांनी भाषण केलं, मेष्टरांच्या गळ्यात हार घातला. हार गळ्यात पडतो न पडतो तोच पंखा थांबला आणि पडदा काळा झाला.

"गेली?" मेष्टरांनी विचारलं.

"गेली, मेष्टर."

"लिहिलेलं?"

तेही गेलं होतं. माझी टाइप करायची पद्धत जुनी, लॅपटॉपमधला प्रोग्रॅमही जुना. मध्येच लाइट गेली की सबंध पानावरच्या अक्षरांचे चौकोन होतात. दर तीन ओळींनी जपून ठेवत जा, असा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. पण हेडमास्तरांच्या वाक्यात तीन ओळींनंतर श्वास घ्यायची सोय नसते.

आम्ही दोघं लाइटची वाट बघत बसलो. थोड्या वेळाने मेष्टर निराळ्याच आवाजात म्हणाले, "खड्डा तिने खणला होता, खरं म्हणजे. माझी कंबर धरली होती." ती म्हणजे सीतालक्ष्मी, त्यांची बायको. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

"मग तसं घालूया का?"

"लाइट असताना सांगतो ते लेखाचं," मेष्टर म्हणाले. "हे आपल्यातलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मंगल प्रभात, पुन्हा स्वहस्ते खड्डा, आणि कमिशनर गाडीतून उतरतात तोच लाइट गेली. या खेपेला अंधूक खोलीत मेष्टर म्हणाले, "पाणीही मी कधी घातलं नाही त्याला." मग लाइट आली आणि ते गप्प झाले. या हिशोबाने कमिशनर गाडीतून उतरणार केव्हा आणि लेख छापखान्यात जाणार केव्हा, या काळजीने मला जेवण गोड लागेना. बॅटरी आणायलाच हवी होती.

बॅटरी हवी आहे हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पद्माने दूधवाल्याला सांगितलं, एवढं पुरलं. सकाळी फिरायला निघालो तर गंगाधरप्पा फाटकातच उभे.

"नवा लॅपटॉप घ्या, शेषगिरीराव. नाहीतर माझ्या मुलाचा नेऊन वापरा."

"माझा चांगला आहे. फक्त बॅटरी गेलीय."

"माणूस चांगला आहे, फक्त प्राण गेलाय, असं झालं हे," गंगाधरप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले. मी त्यांच्या मुलाचा लॅपटॉप नाकारला. सभेत उभं राहून बोललेल्या माणसाला ते शोभलं नसतं.

समोरच्या दोरेस्वामींचा सल्ला असा, की बॅटरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बारा तास फ्रिजमध्ये ठेवायची, मग तिला नवा जन्म मिळतो. यामागचं शास्त्र मला पटलं नव्हतं. तरी ठेवली. सकाळी पद्मा डोशाच्या पिठाच्या पातेल्याशेजारून ती पिशवी दोन बोटांत धरून बाहेर आली.

"हे काय आहे?"

"बॅटरी."

"पिठाला प्लॅस्टिकचा वास लागलाय," ती म्हणाली. "मंडी मोहल्ल्यात जरीनाबी आहे, माझा मिक्सर तिनेच तीनदा ठीक केला. तिला दाखवा लॅपटॉप."

ज्याने शहराला वीज पुरवली त्याने आपला लॅपटॉप मिक्सरच्या दुकानात न्यावा, हे मला रुचलं नाही.  त्या दिवशी आम्ही उपीट खाल्लं.

मग लेआउटच्या कचेरीतला यूपीएस उचलून मेष्टरांकडे नेला. स्कूटरवर पुढे यूपीएस, मागे मी, असा तो प्रवास सगळ्या तिसऱ्या गल्लीने पाहिला. लाइट गेली, आणि यूपीएस दर पाच सेकंदांनी केकाटू लागला.

"वर्गात कोण बोलतंय?" मेष्टर म्हणाले. दहा मिनिटांत त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि यूपीएसला स्कूटरवरून परत जावं लागलं.

बॅटरीच्या पहिल्या दुकानात विचारलं, मॉडेल नंबर काय? नंबराची चिकटपट्टी लॅपटॉपच्या पोटावर होती आणि तिच्यावर अकरा वर्षांचं कुंकू होतं. नखाने खरवडून निम्मा नंबर सापडला. दुकानदाराने तो वाचला आणि माझ्याकडे आपुलकीने बघितलं. "हा यायचा बंद होऊन सात वर्षं झाली, सर. माझ्या वडिलांकडे असा होता." दुसऱ्याने याच जातीची म्हणून एक बॅटरी दिली. ती बसली, पण मागून दोन बोटं बाहेर राहिली, आणि लॅपटॉप प्रार्थनेला वाकल्यासारखा पुढे झुकला. चालू मात्र झाला नाही. परत घेणार नाही, बदलून देऊ, असं दुकानदार म्हणाला. बदलून काय देणार, तर तशीच दुसरी.

तिसऱ्याने बेंगळुरूच्या एस.पी. रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, फोन लावून अस्सल बॅटरी शोधून काढली. गोदामात पडलेली शेवटची. कुरियरवाले बॅटरी घेईनात, तेव्हा ती एस.टी.सारख्या सरकारी बसने पार्सल म्हणून निघाली. तिसऱ्या दिवशी मी पार्सलच्या खिडकीशी हजर.

"आत काय?" खिडकीतल्याने विचारलं.

"लॅपटॉपची बॅटरी."

"फुटते का?"

"मी वीज कंपनीत अधीक्षक होतो," मी म्हणालो.

"मग तुम्हाला नक्की ठाऊक असणार. फुटते का?"

चौतीस वर्षं मी खोटा शेरा मारलेला नाही. "क्वचित," मी म्हणालो.

त्याने लाकडी पट्टीने माझं पार्सल हळूहळू ढकलत कोपऱ्यात नेलं, शेजारी वाळूची बादली ठेवली आणि मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर दोन पावलं लांब उभे राहिले आणि म्हणाले, की वस्तू निर्धोक असल्याचा वीज कंपनीचा दाखला आणा, मग घेऊन जा.

म्हणून मी माझ्याच जुन्या कचेरीत गेलो. माझ्या खुर्चीवर लिंगराजू बसला होता. पूर्वी तो माझ्या हाताखाली कारकून होता आणि माझ्यासाठी कॉफी आणत असे. तो उठून उभा राहिला, नमस्कार केला, पाय कसे आहेत विचारलं.

"दाखला लगेच देतो, सर. अर्ज आणलाय?"

"लिंगराजू, मी आहे."

"हो सर. पण विहित नमुन्यातल्या अर्जाशिवाय दाखला नाही, असा नियम आहे." त्याने नजर खाली वळवली. "तुम्हीच काढला होता."

नमुन्यातले अर्ज संपले होते. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. तो बाक मीच पूर्वी मंजूर केला होता, आणि पाठ टेकता येणार नाही असा मुद्दाम निवडला होता, म्हणजे लोक फार वेळ बसणार नाहीत. त्या बाकावर मी एकूण दोन दिवस काढले. आपण माणसांना कसं बसवत होतो, याची मला त्या दोन दिवसांत लाज वाटली. हे कबूल करायला हरकत नाही.

या भानगडीत पंचवीस तारीख चार दिवसांवर आली. मेष्टरांकडे एक दुपार गेलो होतो तेव्हा त्यांचा आवाज खोल गेला होता. सुमित्रा त्यांना चमच्याने ताक पाजत होती. तरी ते सावरून बसले आणि स्वहस्ते खड्डा खणू लागले. चौथ्या ओळीला लाइट गेली. 

"मी ते उपटलं होतं, शेषगिरी," मग ते म्हणाले.

"काय उपटलं होतं, मेष्टर?"

तेवढ्यात पंखा फिरू लागला. "कुठे होतो आपण?" मेष्टर म्हणाले. "हां. मंगल प्रभाती."

दाखला मिळाला, बॅटरी सुटली. घरी येऊन मी ती लॅपटॉपला बसवली, देवाचं नाव घेतलं आणि कळ दाबली. काही झालं नाही. अस्सल बॅटरी, शिक्क्यासह निर्धोक, आणि काही झालं नाही. माझ्यापुढे आता तीन बॅटऱ्या होत्या आणि तिन्ही मेलेल्या. मी टेबलावर कपाळ टेकून बसलो. पद्माने लॅपटॉप पिशवीत घातला, तिन्ही बॅटऱ्या घातल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. 

जरीनाबीचं दुकान एका जिन्याखाली आहे. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, समोर उघडलेले चार मिक्सर. तिने लॅपटॉप उपडा केला, चष्मा खाली घेतला, वर एक भिंग धरलं, आणि खोबणीत बघत राहिली.

"सर, हिची पूजा कोण करतं?"

"मी."

"फार मनापासून करता." तिने सुई घेतली आणि खोबणीतून तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. पिवळा. मग दुसरा. मग तिसऱ्यामागोमाग हळद-कुंकवाची लिंबात भिजून दगड झालेली एक पट्टीच निघाली. "बॅटरीला काय झालेलं नाही. वीज पोचायच्या दातांवर हे बसलंय. दात दिसतच नव्हते."

मी बाकीच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं नाही. तिने जुन्या टूथब्रशने, स्पिरिटने ती जागा घासून काढली. बेंगळुरूची बॅटरी बसवली आणि कळ दाबली. लॅपटॉप उजळला.

"गोदामात पडून पडून हिचंही वय झालंय," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं चालेल. जास्त नाही." मग काढलेल्या अक्षता आणि कुंकू तिने कागदात नीट पुडी बांधून माझ्या हातात ठेवलं. "पूजेचं आहे, सर. कचऱ्यात कसं टाकायचं?"

घरी आल्यावर पद्माने पुडी उघडून पाहिली. ती मला काय काय बोलू शकली असती याची मी वाटेत यादी करून ठेवली होती. त्यातलं ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. "झाडाच्या बुंध्याशी घाला," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मेष्टरांकडे जाताना मी ती पुडी सोनचाफ्याच्या मुळाशी रिकामी केली. पाटी समोर होती. त्या पाटीवर एकच नाव होतं, आणि ते मी इतकी वर्षं जाता-येता वाचत होतो.

मेष्टरांनी सव्वातीनला सुरुवात केली. आवाज अगदी बारीक झाला होता, पण मंगल प्रभात सुटली नाही. सुमित्राने कॉफीचा पेला माझ्याशेजारी ठेवला. खड्डा झाला, रोप लागलं, वाढलं. कमिशनर गाडीतून उतरले. बाहेर मशीन घरघरलं आणि पंखा थांबला.

पडदा उजळच राहिला. कोपऱ्यात आकडा दिसत होता, अडतीस मिनिटं. या एका क्षणासाठी मी तीन आठवडे शहरभर शोभा करून घेतली होती. आता फक्त म्हणायचं होतं, मेष्टर, लाइट गेली तरी बिघडत नाही, चालू द्या.

"गेली?" मेष्टरांनी विचारलं.

"गेली, मेष्टर," मी म्हणालो.

ते खुर्चीत मागे टेकले. "गेटसमोरची ती जागा मी गाडीसाठी ठेवली होती," ते म्हणाले. "हेडमास्तर झालो की गाडी घ्यायची होती. तिने रोप लावलं, मी उपटलं. तिने परत आणून लावलं, मी परत उपटलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा माझी बदली चामराजनगरला झाली होती, म्हणून राहिलं. परत आलो तोवर माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं. मग ते कमिशनर आले. झाड कोणी लावलं, विचारलं. कोणीतरी माझं नाव सांगितलं, आणि मी गप्प बसलो. हार माझ्या गळ्यात. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, शेषगिरी. टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावरही एक शब्द बोलली नाही. बोलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. शेवटपर्यंत बघितली."

मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"हा टकटक आवाज कसला?"

माझी बोटं थांबली. मी टाइपरायटरवर शिकलेला माणूस, कळा हळू दाबायची मला सवय नाही. सुमित्रा दारात उभी होती.

"चाळीस वर्षं मी मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहिलंय," मेष्टर म्हणाले. "मागे कोण काय करतंय ते मला ऐकू येतं."

"बॅटरी मिळाली, मेष्टर," मी म्हणालो. "आता लाइट गेली तरी लिहिलेलं जात नाही. मी खोटं बोललो. तुम्ही म्हणाल तर आत्ता पुसतो."

  मेष्टरांची बोटं खुर्चीच्या हातावर फिरत होती.

"म्हणजे हे राहिलं," ते म्हणाले.

"राहिलं."

"अजून किती वेळ चालेल?"

"एकतीस मिनिटं."

"मग थांबलास कशाला?" मेष्टर म्हणाले. "तिचं नाव घातलंस का? मी नुसतं ती, ती म्हणत बसलो. सीतालक्ष्मी. आणि वरची ती मंगल प्रभात सगळी काढून टाक."

मी काढली. नाव घातलं. जपून ठेवलं, एकदा नाही, चारदा. मग त्यांनी पहिल्यापासून वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. ते म्हणाले, परत. दुसऱ्यांदा वाचताना पडदा काळा झाला. लाइट अजून आली नव्हती. शेवटच्या दोन ओळी मी तोंडपाठ म्हटल्या.